पलालीचं तिकीट

बेंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या आउटर रिंग रोडला टेक पार्क आणि सोसायट्या जितक्या, तितकीच फाटकं. सुपरवायझरच्या जागेसाठी सुरक्षा एजन्सी ‘माजी सैनिकास प्राधान्य’ असं आवर्जून लिहिते. जवान निवृत्त होतो तेव्हा बहुधा चाळिशीच्या आसपास असतो. पेन्शन मिळते, पण मुलांची शिक्षणं अजून व्हायची असतात, म्हणून अंगावर दुसरी वर्दी चढते. गळ्यात शिट्टीची दोरी, पुढ्यात रजिस्टर, त्यात गाडीचा नंबर, फ्लॅटचा नंबर, आल्याची वेळ. 1987 साली बावीस वर्षांचा असलेला शिपाई आज साठीपार गेला आहे. असा एखादा अजूनही रात्रपाळी करत असेल, तर तो कधी श्रीलंकेतल्या जाफन्याला होता का, हे त्याला विचारायचं आत-बाहेर करणाऱ्यांच्या डोक्यातही येत नाही.

सरकारने 2025 च्या जानेवारीत ‘भारत रणभूमी दर्शन’ सुरू केलं. सीमेवरची आणि जुन्या लढायांची ठिकाणं पर्यटकांना खुली झाली. पर्यटकांनी जरूर जावं. पण रणभूमीवर पहिला हक्क तिथे लढलेल्याचा असतो, आणि त्याला तिथे परत नेणं ही ज्याने त्याला पहिल्यांदा तिथे पाठवलं त्याची जबाबदारी आहे. सुरुवात करायची तर 1987 साली श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेच्या जवानांपासून करावी. कारण 1971 च्या सैनिकाला निदान विजय मिळाला. भारतीय माजी सैनिकांचं पथक विजय दिनाला ढाक्याला जातं, तिकडचे मुक्तियोद्धे कोलकात्याला येतात. ढाक्यातलं सरकार कोसळलं त्या 2024 सालीही ही ये-जा थांबली नाही. शांतिसेनेच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. शांतता राखायला गेलेलं सैन्य 10 ऑक्टोबर 1987 पासून तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी, लढू लागलं, सुमारे 1,200 जवान गमावून मार्च 1990 मध्ये परतलं, आणि मद्रासला उतरलं तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. या लढाईत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, तिथे होती. बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची आठवी पलटण होती. तिचे मुंबईत वाढलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

‘जखमेवरची खपली कशाला काढायची?’ हा पहिला आक्षेप, आणि तो घरच्यांच्या मायेतून येतो. पण खपली धरली आहे, हे कुणी पाहिलं? आघातोत्तर मानसिक विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी 1980 मध्ये अधिकृत निदान म्हणून मान्यता दिली, तीही व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी रेटा लावल्यावर. त्यावरच्या ज्या उपचारांचा पाया आज सर्वांत भक्कम मानला जातो, त्यात टाळलेल्या आठवणीकडे सुरक्षित सोबतीत, पुन्हा पुन्हा आणि सावकाश जायचं असतं. मनातलं जाफना 1987 मध्येच थिजलेलं असतं. तिथल्या गल्लीत कायम सुरुंग असतो, नारळीच्या बागेत कायम कुणीतरी दबा धरून असतं. तिथली शाळा सुटलेली, सायकली बाहेर पडलेल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते चित्र हलत नाही. मात्र एकट्याने, अचानक, तयारीविना गेलं तर त्रास वाढूही शकतो, हे खरं आहे. म्हणून जायचं ते पलटणीतल्या दोघा-चौघांबरोबर, आधी समुपदेशन घेऊन आणि परतल्यावरही कुणाशी तरी बोलायची सोय ठेवून. बेंगळुरूत निमहान्ससारखी मानसिक आरोग्याची संस्था आहे, पॅराशूट रेजिमेंटचं केंद्र आहे. या दोहोंनी एकत्र बसायला मुहूर्त लागू नये.

दुसरा आक्षेप असा, की जागाच उरलेली नसते, मग बघायचं काय? बेळ्ळंदूरचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये अमेरिकनांची कॅटलिना विमानं दुरुस्तीला यायची, आणि पाण्यावर उतरणारी ती विमानं याच तलावात उतरायची. पुढे त्या पाण्यावर फेस येऊ लागला. जानेवारी 2018 मध्ये तर तलावाने पेटच घेतला आणि विझवायला लष्कराचे जवान आले. तिथे कधी विमानं उतरायची, हे दाखवायला आज खूण नाही. पण सैनिकाच्या बाबतीत जागा बदललेली असणं हीच तर उपयोगाची गोष्ट आहे. पलालीच्या ज्या धावपट्टीवर शांतिसेना उतरली, ती आज जाफना आंतरराष्ट्रीय विमानतळाची आहे. 2019 मध्ये चेन्नईहून तिथे विमान सुरू झालं. तिथेच पासपोर्टवर शिक्का मारून, हातात बंदुकीऐवजी बॅग घेऊन बाहेर पडणं, याला दुसरा पर्याय नाही.

खर्चाचा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. ब्रिटनने ‘हीरोज रिटर्न’ या योजनेत लॉटरीच्या पैशातून दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना जुन्या रणभूमींवर पाठवलं, सोबत पत्नीचा आणि काळजीवाहूचाही खर्च दिला. आपल्याकडे अधिकारी स्वतःच्या पैशाने जाऊ शकतो, पुस्तक लिहू शकतो, संचलनाला पाहुणा म्हणून बोलावला जातो. नायक, हवालदार कुठे जातो? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, हयातीच्या दाखल्यासाठी.

खरा कठीण आक्षेप जाफन्यातून येईल, आणि त्यासमोर मला मान खाली घालूनच बोलावं लागतं. 21 आणि 22 ऑक्टोबर 1987 ला जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेले. त्याचा आरोप आपल्याच सैन्यावर आहे. ज्यांचं माणूस तिथे गेलं, त्यांनी आपल्या सैनिकाच्या मनःशांतीसाठी दार का उघडावं? उघडलंच पाहिजे असं नाही. पण अमेरिकेचे काही सैनिक व्हिएतनामला परतले ते नुसते रडायला नव्हे. क्वांग त्री प्रांतात जमिनीतले न फुटलेले बॉम्ब काढण्याच्या कामाला त्यांनी हातभार लावला. उत्तर श्रीलंकेतही सुरुंग काढण्याचं काम अजून संपलेलं नाही. पलालीत शांतिसेनेचं स्मारक आहे, 2015 मध्ये ते नव्याने उभं राहिलं. पुष्पचक्र तिथे वाहता येईल. पण रुग्णालयातही गेल्या कर्मचाऱ्यांच्या तसबिरी लावलेल्या आहेत. तिकडे जायचं की नाही, हे जाफनाकरांना विचारून ठरवावं. परवानगी मिळाली, तर बँड नको, बॅनर नको, खासदार तर अजिबात नको. पत्र आपल्याकडून जावं, आणि उत्तराला वेळ लागला तर थांबण्याची तयारी असावी. मात्र पासपोर्टचे अर्ज आजच भरायला घ्यावेत, कारण यातले बरेच जण सत्तरीकडे झुकलेत आणि परदेशी गेले ते एकदाच, तेही पासपोर्टशिवाय.