तो काळच तसा होता?

माझी भाची जर्मनीत असते. परवा तिने आयझेनाख गावाजवळच्या वार्टबुर्ग किल्ल्याचे फोटो पाठवले. तिथल्या भिंतीवर एकोणिसाव्या शतकातलं एक चित्र आहे. एलिझाबेथ गरिबांसाठी ओच्यातून पाव नेतेय, नवरा अडवतो, आणि बघतो तर काय, पावांची गुलाबाची फुलं झालेली! फोटोखाली भाचीने लिहिलं, "चार वर्षांची असताना सासरी आणली होती गं हिला. पण मावशी, तो काळच तसा होता."

या वाक्याशी माझं भांडण आहे. वर्गात मीही ते कितीदा फेकलंय. तासाची पाच मिनिटं उरली असली की फार सोयीचं पडतं.

एलिझाबेथ हंगेरीच्या राजाची मुलगी. जन्म १२०७. १२११ साली थुरिंगियाच्या सरदार घराण्यात आणली, १२२१ मध्ये चौदाव्या वर्षी लुडविगशी लग्न. आता "काळ" काय म्हणत होता ते बघा. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी पोप तिसरा अलेक्झांडर याने ठरवून टाकलं होतं की लग्न होतं ते वधूवरांच्या संमतीने, बापाच्या नव्हे. मुलीचं वय किमान बारा. म्हणजे नियम होता! चार वर्षांच्या पोरीला परमुलखात धाडून आठ-दहा वर्षं सासरीच वाढवायचं, आणि मग संमती विचारायची. ती "नाही" कुणाला म्हणणार? हे काळाने नाही केलं, दोन घराण्यांनी हिशेब करून केलं.

संसार मात्र सुखाचा झाला, हे कबूल करायला हवं. एलिझाबेथच्या चार दासींनी १२३५ च्या सुमारास दिलेल्या साक्षी आजही उपलब्ध आहेत. (गुलाबांची गोष्ट त्यांत कुठेच नाही, आणि पाव अडवणारा नवराही नाही.) रात्री प्रार्थनेला उठवण्यासाठी दासीने तिचा पाय ओढायचा असं ठरलेलं. एकदा अंधारात चुकून लुडविगचाच पाय ओढला गेला. तो जागा झाला, पण रागावला नाही. मला हा लुडविग फार आवडतो.

१२२७ मध्ये तो धर्मयुद्धाला निघाला आणि इटलीत ओट्रांटोला तापाने गेला. ती वीस वर्षांची, तीन लेकरं, धाकटी तर बाप गेल्यावर जन्मलेली. आता मामा पुढे आला. मामा म्हणजे बाम्बेर्गचा बिशप! भाचीचं पुन्हा लग्न लावायचं म्हणून त्याने तिला पोटेनस्टाइनच्या गढीत ठेवलं. दासी सांगतात, ती म्हणाली, जबरदस्ती केलीत तर मी माझं नाक कापून टाकीन, मग विद्रूप बाईला कोण करील?

सांगा, ही बाई "त्या काळातली" नव्हती का?

पुढची हकिगत मला सांगवत नाही, पण सांगते. तिने मारबुर्गला स्वतःच्या विधवाधनातून रुग्णालय काढलं, आजाऱ्यांची सेवा केली. तिचा धर्मगुरू कोनराड तिला मारत असे. लहानपणापासूनची सोबतीण गुडा, तिलाही त्याने दूर केलं. १२३१ मध्ये, चोविसाव्या वर्षी एलिझाबेथ गेली. चार वर्षांत संतपद मिळालं. मारणाऱ्याने तिच्या संतपदासाठी खटपट केली होती, हेही लिहून ठेवते.

धाकटी गेर्ट्रूड दोनेक वर्षांची असतानाच मठात दिलेली. थोरली सोफी मात्र विधवा झाल्यावर मुलाच्या वारशासाठी सोळा-सतरा वर्षं भांडली, आणि १२६४ मध्ये हेसन प्रांत पदरात पाडून घेतला. तीही त्याच काळातली.

भाचीला कळवलंय, पुढच्या सुट्टीत मारबुर्गला जाऊन ये. आणि फोटोखाली काही लिहायचंच असेल तर गुडाचं नाव लिही. तिने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं.