अकराने भाग जाणारा केसपेपर

वॉर्डातून रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत येतो. कर्मचारी केसपेपरवरचा दहा आकडी नोंदणी क्रमांक संगणकात भरतो. रांग मोठी, अक्षर घाईचे. २७ च्या जागी ७२ पडतात. संगणक हूं की चूं करत नाही, कारण क्रमांक ओळीने दिलेले असतील तर त्या चुकीच्या क्रमांकाचाही कोणीतरी पेशंट असतो. मग क्रिएटिनिन एकाचे आणि त्यावरून औषधाचा डोस दुसऱ्याला, असे होऊ शकते.

अशा वेळी दोष कर्मचाऱ्याच्या माथी येतो. खरे तर क्रमांकच असा बनवता येतो की चूक झाल्याबरोबर कळावी.

उदाहरणार्थ, ४८१६२७०९३२ ही संख्या घ्या. तिला ११ ने नि:शेष भाग जातो. पहिले नऊ अंक नोंदणीचे. शेवटचा २ हा तपासणी अंक, भाग जावा म्हणूनच जोडलेला. आता २७ चे ७२ केले, तर संख्या ४,५०,००० ने वाढते आणि भागाकारात १ बाकी उरते. संगणक लगेच अडवू शकतो.

हा योगायोग नाही. एकच अंक चुकला, तर फरक म्हणजे १ ते ९ पैकी एखादा आकडा आणि त्यापुढे शून्ये. शेजारचे दोन अंक उलटले, तर फरक त्या दोन अंकांच्या वजाबाकीच्या नऊपट, पुढे शून्ये. ११ ही मूळ संख्या असल्याने यांपैकी कशालाच तिने भाग जात नाही. म्हणून या दोन्ही चुका दर वेळी सापडतात. शाळेतली ९ ची कसोटी इथे कामाची नाही. अंक उलटले तरी त्यांची बेरीज तीच राहते. कधी तपासणी अंक १० येतो. तो क्रमांक कोणालाच द्यायचा नाही, एवढेच.

ही कल्पना नवी नाही. आधारच्या १२ अंकांपैकी शेवटचा तपासणीचाच आहे. त्यासाठी डच गणिती याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली पद्धत वापरतात. बँकेच्या कार्डावरही असा अंक असतो. पैशाच्या व्यवहाराला जी काळजी, ती रक्ताच्या नमुन्याला का नको? यासाठी नवे यंत्र लागत नाही. क्रमांक देणाऱ्या आणि भरून घेणाऱ्या संगणकाला एक भागाकार शिकवावा लागतो.

अर्थात, या भागाकाराला मर्यादा आहे. एक सोडून एक असलेले अंक उलटले, तर ही साधी पद्धत फसते. आणि बरोबर क्रमांकाची चिठ्ठी चुकीच्या नळीवर चिकटवली, तर कोणतेच गणित वाचवू शकत नाही. त्यामुळे सुई टोचण्याआधी पेशंटला त्याचे पूर्ण नाव विचारण्याला पर्याय नाही. पण क्रमांक लिहिताना होणारी चूक माणसाची आहे, ती होणारच. ती पकडण्याचे काम तरी आकड्यावर सोपवावे.