दुसऱ्या भागाला उलटी होत नाही

एचएसआर लेआउटच्या सत्तावीसाव्या मेनवर संध्याकाळी फुटपाथवरून चालून पाहा. मागून स्कूटर येते, हॉर्न वाजवते आणि जणू आपणच चुकीच्या जागी आहोत अशा लगबगीने आपण बाजूला होतो. परवा असंच झालं, तेव्हा सोबत असलेले आमचे डोंबिवलीकर शेजारी म्हणाले, "इथे एक माधव आपटे हवा होता." मी हसले. घरी येईपर्यंत ते हसू मलाच बोचायला लागलं.

निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'मधल्या (२००५) आपटेची बॅट आपल्या लक्षात राहिली, त्याचं मरण राहिलं नाही. थंड पेयाच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदारावर भडकलेला हा बँकेतला नोकरदार शेवटी पोलिसांच्या गोळीने मरतो. चित्रपट त्याच्यावर माया करतो, पण त्याला जिंकू देत नाही. म्हणून या गोष्टीला दुसरा भाग असूच शकत नाही. २०१९मध्ये महेंद्र तेरेदेसाई यांचा 'डोंबिवली रिटर्न' आला, त्यात पुन्हा संदीप कुलकर्णीच होते, पण माणूस दुसरा आणि गोष्टही दुसरी. तो काही सीक्वेल नव्हे. तरी जुन्या फास्टच्या तिकिटावर नव्या गाडीत बसवण्याची युक्ती नावात होतीच.

खरा दुसरा भाग काय करतो, हे बघायचं असेल तर 'डेथ विश टू' (१९८२) बघावा. ब्रायन गारफिल्डची कादंबरी १९७२ची, तिच्यावरचा मायकल विनरचा चित्रपट १९७४चा. त्यात पॉल कर्सी पहिला खून करून घरी येतो आणि उलटी करतो. बायकोला मारणारे त्याला शेवटपर्यंत सापडत नाहीत. तो भलत्यांनाच मारत सुटतो. एवढी तरी शंका त्या चित्रपटाने शिल्लक ठेवली होती. गारफिल्डला मात्र तोही हिंसेचा गौरव वाटला आणि उत्तरादाखल त्याने १९७५मध्ये पुढची कादंबरी लिहिली, 'डेथ सेंटेन्स'. कॅनन कंपनीने दुसरा भाग काढला तेव्हा ती कादंबरी बाजूलाच ठेवली.

आणि काय केलं? पहिल्या भागात उद्ध्वस्त झालेल्या मुलीवर पुन्हा बलात्कार घडवला आणि तिला मारून टाकलं. घरकाम करणाऱ्या बाईचंही तेच. कर्सीला पुन्हा पेटवायला इंधन हवं होतं, ते बायकांच्या देहांतून काढलं. या वेळी गुन्हेगार पाच, आणि पाचही चेहरे आपण आधीच पाहिलेले. तो त्यांना एकेक करून गाठतो. एकाला कायदा पकडतो आणि मनोरुग्ण ठरवून इस्पितळात पाठवतो, तर कर्सी तिथेही पोचतो. उलटी आता कुणालाच होत नाही.

अशा चित्रपटांची पाठराखण करताना बजेट पुढे केलं जातं: पैसे नव्हते, चार दिवसांत उरकलं, घ्या समजून. का समजून घ्यायचं? 'डोंबिवली फास्ट'लाही हॉलिवूडचं बजेट नव्हतं आणि तो कामत यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट होता. शंका ठेवायला पैसे लागत नाहीत. मारामारी कच्ची असेल तर मी सोडून देईन, पुरावा गाळलेला सोडणार नाही.

मी भाषांतर करते, म्हणून मला रीमेक आणि सीक्वेल यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. 'डोंबिवली फास्ट'ची नाळ 'फॉलिंग डाउन'शी (१९९३) जुळते, हे उघड आहे. पण लॉस एंजेलिसचा राग डोंबिवलीच्या लोकलमध्ये चढला तेव्हा त्याला इथला घाम सुटला. पुढे कामत यांनीच तो माधवनला घेऊन तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' (२००७) म्हणून केला. नावाचा अर्थ 'कुणीतरी एक'. डोंबिवली गेली, प्रश्न मात्र नव्या शहरात नव्याने विचारावा लागला. सीक्वेलला प्रश्न विचारायचा नसतो. उत्तर मिळालंच आहे असं धरून तो नवे बळी शोधत निघतो.

आणि पडद्याबाहेर आपल्याला कॅमेऱ्याने आधी काहीही दाखवलेलं नसतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. मुलं पळवणारे आलेत, अशी अफवा होती. त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या बंगळुरातही अशाच अफवेवर एका परप्रांतीय मजुराचा जीव गेला होता. मारणाऱ्यांच्या मनात खात्री होती, 'डेथ विश टू'च्या प्रेक्षकाला असते तेवढीच. हे चित्रपटांमुळे घडलं असं मी म्हणत नाही. पण आरोप आणि गुन्हा यांच्यामधलं अंतर पुसून टाकायची सवय ज्या कलाकृती लावतात, त्यांना निव्वळ करमणूक म्हणून सोडून द्यायलाही मी तयार नाही.

शेजाऱ्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मी गंमत केली." मला माहीत आहे. मीही गमतीतच हसले होते, आणि त्या क्षणी माझ्या हातात बॅट असती तर बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं होतं.