आधी नाडी, मग पट्टा

मैत्रिणींनो, गेल्या पौषातली गोष्ट सांगते. सकाळचे साडेसहा वाजले होते. एका शेगडीवर दूध, दुसरीवर डब्याच्या पोळ्या, आणि तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे सासरे, फिरून परत आले ते थेट खुर्चीतच बसले. रोज चाळीस मिनिटं चालणारा माणूस पंधरा मिनिटांत परत! चेहरा पार उतरलेला. "सूनबाई, १८९!" एवढंच म्हणाले.

आदल्या वर्षी अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण त्यांच्यासाठी मर्यादा घालून दिलीय: चालताना ठोके ११०च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. म्हणून ह्यांनी छातीला बांधायचा ठोके मोजणारा पट्टा आणून दिला. आकडा मोबाइलवर दिसतो. त्या दिवशी दिसलेला आकडा हा!

सासूबाईंनी देवापुढे हात जोडले, हे रिक्षा बघायला धावले. मी मात्र गॅस बंद केला आणि अण्णांना विचारलं, "छातीत दुखतंय? धाप लागलीय? घाम?" तिन्हींना "नाही." मग त्यांचं मनगट हातात घेतलं. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं. पंधरा सेकंदांत तेवीस ठोके. तेवीस चोक ब्याण्णव! ठोकेही अगदी एकसारखे. अण्णा ठीक होते, बिनसलं होतं ते पट्ट्याचं.

हा पट्टा काम कसं करतो ते कळलं, की तो का बिनसतो तेही कळतं. प्रत्येक ठोक्याला हृदयात अगदी सूक्ष्म वीज निर्माण होते. दवाखान्यात कार्डिओग्राम काढतात तो याच विजेचा. कार्डिओग्राममागची यंत्रणा शोधल्याबद्दल विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन पट्ट्या असतात, काहींत रबराच्या, तर काहींत चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यांच्या. त्या छातीच्या त्वचेवरून ती वीज टिपतात आणि टिचबटणांनी लावलेली मधली डबी ठोके मोजून आकडा मोबाइलला किंवा घड्याळाला पाठवते. हे उपकरण खेळाडूंसाठी लोकप्रिय केलं ते फिनलंडमध्ये १९७७ साली निघालेल्या पोलार कंपनीनं. आता ते आपल्या घरात आलंय.

ही वीज इतकी थोडी, की कोरड्या कातडीतून ती धड पोचत नाही. पट्टा ओला हवा तो यासाठी. आता अण्णांचं काय झालं होतं पाहा. थंडीत घाम नाही, त्यामुळे पट्टा कोरडा. रात्री खोकल्यासाठी सासूबाईंनी छातीला तेल चोळलेलं, त्याचा थर त्वचेवर. आणि वर नवं पॉलिस्टरचं जाकीट, चेन उघडी, वाऱ्यानं फडफडणारं. कोरड्या हवेत अशा कापडाच्या घासण्यानं वीज तयार होते. टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज येतो ना, तीच! पट्ट्यानं तीही ठोक्यांत धरली.

तेव्हा बांधण्याची रीत अशी ठेवा. छाती साध्या पाण्यानं पुसून घ्यावी, तेल, बाम, क्रीम काही नको. आतल्या दोन्ही पट्ट्यांना नळाचं पाणी लावावं. पुरुषांनी छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली आणि बायकांनी ब्राच्या पट्टीच्या लगेच खाली बांधावा, डबी बरोबर मध्यावर. घट्ट किती? श्वास मोकळा घेता आला पाहिजे, पण चालताना पट्टा खाली घसरता कामा नये. बांधून दोन मिनिटं थांबावं, आकडा स्थिरावला की मगच निघावं.

आता निगा. बहुतेकींची चूक इथेच होते. फिरून आल्यावर डबी आधी सोडवायची. ओल्या पट्ट्यावर ती तशीच राहिली, तर तिला वाटतं की अजून छातीवरच आहे, आणि सेल रात्रभर जळत राहतो. डबी कोरड्या फडक्यानं पुसून वेगळी ठेवा. पट्टा रोज साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि आठवड्यातून एकदा सौम्य साबणानं हातानं धुवा, म्हणजे घामाचं मीठ निघून जातं. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत पसरून वाळवा. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रव्य नको, इस्त्री तर नकोच नको. मशीनमध्ये टाकायचा असेल, तर सोबतच्या माहितीपत्रकात तशी परवानगी आहे का ते आधी वाचा. ओला पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. चांदीचे धागे असतील तर निरांजनासारखे काळवंडतात. जरीच्या साडीला जपता ना, तसंच जपा!

एवढं करूनही कुरकुर राहिली, तर एकेक करून तपासा.

सुरुवातीला आकडा उड्या मारतो आणि दहा मिनिटांनी घाम आला की ताळ्यावर येतो: पट्टा कोरडा होता.

आकडाच येत नाही: टिचबटणं नीट बसलीत का पाहा. मोबाइल बदलला असेल, तर डबी आधीच्याच मोबाइलशी जोडलेली राहिली नाही ना? पुष्कळ डब्या एका वेळी एकाशीच बोलतात.

मधूनमधून आकडा गायब होतो: मोबाइल पँटच्या मागच्या खिशात असेल, तर पुढच्या खिशात घ्या. मध्ये आपलं शरीर आलं की लहरी अडतात. तरीही तसंच झालं, तर सेल बदला. तो नाण्यासारखा चपटा असतो, बहुधा सीआर २०३२ किंवा सीआर २०२५. झाकणावर किंवा माहितीपत्रकात पाहूनच आणा. झाकण रुपयाच्या नाण्यानं फिरवा आणि आतली बारीक रबरी कडी पुन्हा नीट बसवा, नाही तर घाम आत शिरेल. जुना सेल लगेच घराबाहेर काढा. लहान मुलानं गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते. तसा संशय जरी आला, तरी थेट इस्पितळ गाठा.

सेल नवा, पट्टा स्वच्छ, तरी रडगाणं चालूच: पट्ट्याचं इलॅस्टिक सैल झालं असेल किंवा आतले धागे तुटले असतील. नुसता पट्टा वेगळा मिळतो, डबी टाकायची गरज नाही.

इथं लेख संपवला असता, तर बरं दिसलं असतं. पण पुढची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण चूक माझी आहे.

यंदाच्या आषाढात अण्णांचा आकडा पुन्हा नाचू लागला. घरात नुसतं बसल्या बसल्या ७८, १२४, ९०. "थोडं दमल्यासारखं वाटतंय," असंही ते म्हणाले. पण मी तर आता पट्ट्याची वैद्य झालेली! पहिल्या दिवशी पट्टा धुतला, दुसऱ्या दिवशी सेल बदलला. दोन्ही दिवस पट्ट्यालाच नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी शाळेला निघता निघता मनात आलं आणि तोच पट्टा मी स्वतःला बांधून पाहिला. आकडा ७४, हलेना! पट्टा ठणठणीत होता. माझ्या पोटात गोळाच आला. धावत जाऊन अण्णांचं मनगट धरलं. दोन ठोके भराभर, मग थांबा, मग तीन, कशाला काही धरबंधच नाही.

त्याच दिवशी कार्डिओग्राम निघाला. ठोके अनियमित पडत होते. डॉक्टर म्हणाले, असं होतं तेव्हा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात येतो. रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. अण्णा आता बरे आहेत, फिरायलाही जातात. पण ते दोन दिवस आठवले की अजून माझा हात थरथरतो.

पौषात मी आधी माणसाकडे पाहिलं होतं. आषाढात मी आधी पट्ट्याकडे पाहिलं. फरक एवढाच.

तेव्हापासून आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय:

१) छातीत दुखणं, धाप, घाम, चक्कर यांतलं काहीही असलं, तर आकडा बघत बसू नये. १०८ला फोन.

२) तसं नसलं, तर आधी नाडी. पूर्ण एक मिनिट, बोटांनी. ठोके वेडेवाकडे लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर.

३) नाडी ठीक असली, तरच पट्टा ओला करावा, धुवावा, सेल बदलावा.

आणि हो, कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर पट्टा आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आज संध्याकाळी चहा झाला की घरातल्या सगळ्यांना एकमेकांची नाडी मोजायला बसवा बघू. मुलांनाही शिकवा, पाढ्यांची उजळणी होईल. निरोगी माणसाची नाडी बोटांना एकदा ओळखीची झाली, की बिघडलेली लगेच कळते. त्याला ना सेल लागतो, ना पट्टा!