पिशवीचा प्रश्न बाजारानेच सोडवावा

फळे व भाजीपाला यांची बाजार समितीच्या आवाराबाहेरील विक्री २०१६ साली नियमनमुक्त झाली. त्यानंतर संत सावता माळी यांच्या नावाने हाती घेण्यात आलेल्या अभियानामुळे राज्यातील अनेक शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. माल थेट ग्राहकाच्या हाती पडत असल्याने उत्पादकास चार पैसे अधिक मिळतात व ग्राहकास ताजी भाजी मिळते. परंतु बाजार उठल्यावर त्या जागी काय उरते हे पाहिल्यास, या व्यवस्थेत एक उणीव राहिली आहे हे मान्य करावे लागते. उरलेल्या पाल्याचे खत होऊ शकते. त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिकच्या पातळ पिशव्यांचे मात्र काही होत नाही. उलट चांगला पालाही त्यांच्यामुळे वाया जातो.

या पिशव्यांना कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. केंद्र शासनाच्या नियमांनुसारही १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर निषिद्ध आहे. तरीही ती बाजारात दिसते. याचे कारण विक्रेत्याचे अज्ञान नव्हे. जो विक्रेता पिशवी नाकारतो, त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या विक्रेत्याकडे जाते. म्हणून मनात नसतानाही तो पिशवी देतो. सर्वांनीच पिशव्या दिल्याने कोणाचीही विक्री वाढत नाही, खर्च मात्र प्रत्येकाच्या पदरी पडतो. एकट्याने सोडविण्याजोगा हा प्रश्न नाही. म्हणूनच त्याचा निर्णय संपूर्ण बाजाराने एकत्र घेतला पाहिजे.

या निर्णयात शेतकऱ्याचे स्वतःचेही हित आहे. उष्ट्या अन्नासह टाकलेली पिशवी गाईच्या पोटात जाते, कोठीपोटात साचून राहते आणि जनावराचे खाणे व रवंथ मंदावते. पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. शहरातील कचऱ्यापासून तयार होणारे खतही अखेर शेतातच येते. त्यात प्लॅस्टिकचे तुकडे राहिले, तर ते वर्षानुवर्षे मातीत कुजत नाहीत. तात्पर्य, बाजारात दिलेली पिशवी फिरून शेतकऱ्याच्याच दारी येते.

उपाय साधे आहेत. बाजार भरविणाऱ्या गटाने दोन-तीन आठवडे आधी फलक लावून तारीख जाहीर करावी आणि त्या दिवसापासून एकाही विक्रेत्याने पिशवी देऊ नये. प्रवेशद्वाराशी कापडी पिशव्यांचा गाळा असावा. महिला बचत गटाने शिवलेल्या पिशव्या तेथे अनामत घेऊन द्याव्यात आणि पिशवी परत आणणाऱ्यास अनामत परत करावी. कामावरून परस्पर बाजारात येणाऱ्या ग्राहकाची अडचण याने दूर होईल. पालेभाजीच्या जुड्या पाणी निथळवून मांडाव्यात. पारड्यातील माल सरळ ग्राहकाच्या पिशवीत ओतावा. कांदे-बटाटे तळाशी व टोमॅटो वर, एवढे भान पुरेसे आहे. मोड आलेल्या कडधान्यांसाठी ग्राहकाने डबा आणावा व विक्रेत्याने रिकाम्या डब्याचे वजन आधी करून घ्यावे.

पर्याय निवडताना मात्र दक्षता हवी. कापडासारखी दिसणारी ‘नॉन-वोव्हन’ पिशवी बहुधा प्लॅस्टिकच्याच तंतूंची असते. ‘कंपोस्टेबल’ म्हणून विकली जाणारी पिशवी योग्य उष्णता व ओलावा असलेल्या खतप्रकल्पात कुजते. गटारात वा बांधावर ती तशी कुजेलच असे नाही. वर्तमानपत्राच्या कागदाची शाई खाद्यपदार्थास लागणे आरोग्यास अपायकारक असल्याने, न धुता खाण्याच्या जिनसा त्यात बांधू नयेत. ओल्या भाजीने तो कागद फाटतो, ही अडचण निराळीच. या सर्वांहून पुनःपुन्हा धुता येणारी सुती पिशवी श्रेष्ठ होय.

येथे प्लॅस्टिकमात्राचा निषेध अभिप्रेत नाही. टोमॅटो चिरडू न देता शेतातून बाजारात आणणारा क्रेटही प्लॅस्टिकचाच असतो. परंतु तो अनेक हंगाम उपयोगी पडतो. आक्षेप आहे तो गाळ्यापासून घरापर्यंतच्या अल्प प्रवासापुरत्या वापरून फेकून देण्याच्या वस्तूवर.

दंडाच्या भीतीने पिशवी तपासणीच्या दिवशी गाळ्याखाली लपते व दुसऱ्या दिवशी पुन्हा वर येते. विक्रेत्यांनी स्वतः केलेला नियम मात्र शेजारीच एकमेकांकडून पाळून घेतात. यास्तव प्रत्येक बाजाराच्या चालकांनी विक्रेत्यांची बैठक बोलावून तसा ठराव करावा, आणि स्थानिक नगरपालिकेने वा ग्रामपंचायतीने कापडी पिशव्यांच्या गाळ्यास जागा देऊन त्यास साहाय्य करावे, हेच इष्ट होय.