विश्लेषण : आजी आणि नातीचा रिपोर्ट सारखाच, तरी अर्थ वेगळा, आमवाताच्या तपासणीत वय का महत्त्वाचं?

समजा, ठाणे पूर्वेतल्या कोपरीत एकाच घरातल्या ७० वर्षांच्या आजीने आणि २० वर्षांच्या नातीने रक्त तपासून घेतलं. दोघींचा ईएसआर ३८ आला आणि दोन्ही रिपोर्टवर तो ठळक अक्षरांत छापला गेला. मग दोघींनाही आमवात आहे का?

ईएसआर काय सांगतो?

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. ईएसआर शरीरातला दाह दाखवतो, पण तो वयानुसारही वाढतो. ढोबळ हिशेब असा : पुरुषांसाठी वयाच्या निम्मे, महिलांसाठी वयात १० मिळवून निम्मे. म्हणजे आजीची मर्यादा ४०, नातीची १५. आजीचा ३८ मर्यादेत बसतो, नातीच्या ३८ चं कारण मात्र शोधावं लागतं.

आरए फॅक्टर पॉझिटिव्ह म्हणजे आमवातच?

नाही. हा घटक निरोगी लोकांतही सापडतो आणि उतारवयात त्याचं प्रमाण वाढतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली झालेल्या पाहणीत आमवाताचं प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळलं, म्हणजे २०० प्रौढांमागे एक रुग्ण. निरोगी लोकांपैकी ५ टक्के जरी पॉझिटिव्ह आले, तरी त्या २०० मध्ये एका खऱ्या रुग्णामागे १० जण विनाकारण घाबरतील. त्रास नसताना हेल्थ चेकअप पॅकेजमधून ही तपासणी करण्यातला धोका हाच. अँटी-सीसीपी ही तपासणी तुलनेने जास्त नेमकी आहे.

लहान मुलांचं काय?

इथे चित्र उलटं दिसतं. १६ वर्षांआतल्या संधिवातात बहुतेक मुलांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच येतो, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट पाहून निर्धास्त होता येत नाही. अशा मुलांमध्ये एएनए पॉझिटिव्ह असेल, तर डोळ्यांच्या आत दाह होण्याची शक्यता वाढते. डोळा लाल होत नाही, दुखतही नाही, पण नजर जाऊ शकते. म्हणून डोळ्यांची नियमित तपासणी आवश्यक असते.

साठीनंतर आजारही बदलतो का?

हो. एरवी आमवात महिलांमध्ये पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. साठीनंतर ही तफावत कमी होते. आजार अनेकदा अचानक सुरू होतो, खांद्यांसारखे मोठे सांधे धरतो आणि ‘वय झालं’ म्हणून दुर्लक्षिला जातो.

मग डॉक्टरांकडे कधी जावं?

सांध्यांना सूज असेल आणि सकाळी ते तासभर आखडत असतील, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. उपचार लवकर सुरू झाले, तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टळतं.