गाडी घ्यायच्या आधी वहीत गणित मांडा

2021 मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हापासून शाळेत मधल्या सुट्टीत एकच चर्चा: आता सीएनजी गाडी घ्यावी का? माझं म्हणणं, जाहिरातीतलं ॲव्हरेज बघून ठरवू नका. वहीत मांडा.

समजा, मंचरहून डिंभ्याच्या वरच्या शाळेत जाऊन-येऊन 60 किमी होतात. 25 दिवसांचे 1500 किमी. लिटरला 20 किमी देणारी गाडी 75 लिटर पेट्रोल पिते. 100 रुपये दराने 7500 रुपये. किलोला 25 किमी देणाऱ्या सीएनजी गाडीला 60 किलो गॅस लागतो. 90 रुपये दराने 5400. वाचले 2100. पण ती गाडी 90 हजारांनी महाग असेल, तर तेवढे पैसे फिटायला साडेतीन वर्षं! तोवर बदली झाली तर? (पंपावरची रांग मी धरलीच नाही.)

विघ्नहर नि भीमाशंकर कारखान्यांना ऊस घालणारे आपण, म्हणून इथेनॉलचं कौतुक वाटतं. पण लिटरमागे त्यात पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांशच ऊर्जा असते.

आता त्याच जुन्या पेट्रोल गाडीत चौघं बसा. माणशी 1875 रुपये. कर्ज नाही, हप्ता नाही. कोणीतरी रोज दहा मिनिटं उशिरा येणार, कुरबुर होणार, ती परवडते.

हेच गणित सातवीला फळ्यावर दिलं. एक पोरगी म्हणाली, "सर, मग एसटीनं का नाही येत?" शाळेच्या वेळेला एसटी असती तर आलो असतो, असं सांगितलं.